दोन पाडव्यांमधला कैदी

गणपती जवळ आले की पालघर आणि बोईसर स्थानकांवरची गर्दी बदलते. रोजच्या डब्याच्या पिशव्यांबरोबर कपड्यांच्या बॅगा दिसू लागतात. तारापूरच्या कारखान्यांत पोटासाठी आलेली माणसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडे निघतात. ज्यांना रजा मिळत नाही ती पाळी सांभाळत मागे राहतात आणि घरच्या आरतीची वेळ झाली की फोन लावतात. सणाला घरी असणे ही मराठी माणसाच्या लेखी हौस नव्हे, ते कर्तव्य आहे. ज्या लोहमार्गावर ही धावपळ चालते, त्याच मार्गावरून २२ जुलै १९०८ च्या रात्री एक खास गाडी उत्तरेकडे गेली. वैतरणा ओलांडून, पालघर, बोईसर, डहाणू हा झोपलेला मुलूख मागे टाकत ती अहमदाबादकडे चालली होती. गाडीत पोलिसांच्या पहाऱ्यात बाळ गंगाधर टिळक होते. घराघरांतला गणपती सार्वजनिक मंडपात आणण्यासाठी ज्यांनी आपली लेखणी आणि लोकप्रियता पणाला लावली, ते टिळक यापुढचे सलग सहा गणेशोत्सव कैदेत काढणार होते. त्यांतले पाच समुद्रापलीकडे, ब्रह्मदेशात.

त्या रात्रीच मुंबईच्या हायकोर्टात निकाल लागला होता. मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड सुनावला. याच दावरांनी ११ वर्षांपूर्वीच्या राजद्रोहाच्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना ५२ वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस संप केला. गोळीबार झाले, माणसे मेली. साबरमतीच्या तुरुंगात पोचलेल्या कैद्याला हे कळायला बराच वेळ लागला असणार.

गणपतीशी टिळकांचे नाते कोकणातले, जन्मापासूनचे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत त्यांचा जन्म झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. बदलीमुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आले आणि थोड्याच दिवसांत आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ मध्ये लाडघरच्या बाळ घराण्यातल्या तापी या मुलीशी लग्न झाले. सासरी ती सत्यभामा झाली. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. सोळाव्या वर्षी आईवडील दोन्ही नसलेला हा मुलगा डेक्कन कॉलेजात गणितात रमला, वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि सरकारी नोकरीच्या वाटेला गेला नाही. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज, मतभेद आणि १८९० मध्ये राजीनामा. हा भाग शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात त्यांनी एकट्याने केली, असे सांगण्याची प्रथा आहे. ती खरी नाही. १८९३ मध्ये पुण्यात भाऊ रंगारी, खासगीवाले, घोटवडेकर अशा मंडळींनी गणपती बसवले होते. टिळकांनी ‘केसरी’तून त्या कल्पनेला बळ दिले आणि १८९४ मध्ये ते राहत असलेल्या विंचूरकर वाड्यात गणपती बसवून स्वतः उत्सवात उतरले. १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुसलमान दंग्यांची पार्श्वभूमी त्याला होती. पूर्वी मोहरमच्या ताबुतांपुढे नाचणारे अनेक हिंदू या नव्या उत्सवाकडे वळले, आणि या बाजूवर तेव्हाही टीका झाली. टिळकांचे म्हणणे असे, की शिकलेली माणसे आणि कष्टकरी यांनी एका मांडवात यावे, आणि सरकारला धार्मिक मेळाव्यावर बंदी घालणे सभेवर बंदी घालण्याइतके सोपे नाही. दहा वर्षांत मेळे, पोवाडे, व्याख्याने आणि एकत्र विसर्जन यांनी पुणे दणाणू लागले. पुढे गायकवाड वाडा टिळकांनी घेतला आणि त्यांचा गणपती तिथे बसू लागला. घरचा देव आणि गावाचा उत्सव यांमधली भिंत त्या वाड्यात उरलीच नाही.

आणि नेमका तो वाडा १९०८ च्या भाद्रपदात यजमानाविना होता. त्या वर्षीची गणेश चतुर्थी ऑगस्टअखेरीस आली तेव्हा टिळक साबरमतीत होते. मधुमेह जुना होता, तुरुंगाच्या अन्नाने वजन झपाट्याने उतरले. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली गेली; मात्र त्यांना हिंदुस्थानच्या मुख्य भूमीवर ठेवणे सरकारला धोक्याचे वाटत होते. अनंत चतुर्दशी होऊन चार-दोन दिवस झाले असतील, पितृपक्ष सुरू होता, तेव्हा १३ सप्टेंबरला त्यांना साबरमतीहून हलवण्यात आले. मुंबईहून बोटीने रंगून आणि तिथून आगगाडीने मंडाले. २३ सप्टेंबरला ते तिथे पोचले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, १९३७ पर्यंत तसाच राहिला. कागदोपत्री टिळक परदेशात नव्हते. पण भाषा, लिपी, जेवण, हवा, देवळे यांतले काहीही ओळखीचे नसलेला देश परदेशच म्हणायचा.

मंडालेच्या तुरुंगातली त्यांची जागा लाकडी होती. भिंती विटांच्या नव्हेत, तर उभ्या ठोकलेल्या लाकडी दांड्यांच्या. उन्हाळ्यात त्यांतून झळा आणि धूळ आत यायची, हिवाळ्यात बोचरा वारा. त्यांच्यासाठी स्वयंपाक करायला सातारा भागातला कुळकर्णी नावाचा एक कैदी देण्यात आला होता. त्या अवाढव्य तुरुंगात मराठी बोलायला मिळणारा हाच एक माणूस. मधुमेहासाठी गहू-तांदूळ जवळजवळ बंद करून टिळकांनी जवाच्या पिठाचे पदार्थ धरले. म्हणजे चतुर्थीला घरची आठवण आली तरी तांदळाच्या उकडीचा, गुळाच्या सारणाचा मोदक त्यांच्या पानात येणे दोन्ही अंगांनी अशक्य होते. तुरुंगाच्या नियमाने नाही आणि शरीराच्याही नाही.

नियम कडक होते. महिन्याला एक पत्र, तेही तपासून. मजकूर खासगीच हवा. राजकारणाचा शब्द दिसला की काट. भेट तीन महिन्यांतून एकदा, आणि पुण्याहून मंडाले गाठणे ही सामान्य गोष्ट नव्हती. भाचे धोंडोपंत विद्वांस घराचा आणि पत्रव्यवहाराचा भार वाहत होते. पत्रांत मुलांची शिक्षणे, घरचे व्यवहार, खटल्यांचे कागद आणि पुस्तकांच्या याद्या असत. वर्तमानपत्र मिळत नसे. पुण्यात यंदा किती मेळे निघाले, विसर्जनाला काय झाले, हे ज्याला सर्वांत आधी कळायचे त्याला आता ते कळण्याचा रस्ता नव्हता. एका परीने हे बरेच झाले असेल. कारण त्याच काळात, विशेषतः नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या १९०९ मधल्या खुनानंतर, सरकारने मेळ्यांवर आणि त्यांच्या पदांवर निर्बंध आणून उत्सवाचा आवाज पुष्कळ दाबला होता.

तिथी मात्र टिळकांपासून कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. वेदांतल्या नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केला होता. पंचांगशुद्धी हा त्यांच्या आवडीचा विषय, आणि मंडालेतही वेदांग ज्योतिषावर त्यांचे काम चालू होते. कोणत्या रात्री चतुर्थी आणि कोणत्या रात्री अमावास्या हे सांगायला अशा माणसाला छापील पंचांग लागत नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. सार्वजनिक उत्सव एकट्याने करता येत नाही. दिवाळीत एकटा माणूस पणती लावू शकतो, एकादशीला उपास करू शकतो, संध्या करू शकतो; टिळक स्नानसंध्या करीतच होते. पण ज्या उत्सवाचा प्राणच गर्दी आहे तो सहा फूट जागेत कसा करायचा? टिळकांनी गणपतीला दिलेले रूप असे होते, की ते त्यांच्या स्वतःच्याच एकांतात त्यांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांना उरले होते ते सणाचे जुने, एकट्याचे रूप: स्नान, जप, वाचन, आणि शुभ दिवशी एखाद्या कामाचा आरंभ.

तसा आरंभ त्यांनी केला. दोन वर्षे वाचनात गेली होती. पुण्याहून मागवलेल्या ग्रंथांची संख्या हळूहळू चारशेच्या आसपास गेली. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून ते जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले. पन्नाशी उलटल्यावर, भाषेला शिक्षक नसताना, नुसत्या पुस्तकांवरून. भगवद्गीतेचा अर्थ संन्यासपर नाही, ती कर्म करायला सांगते, हे मत त्यांच्या मनात फार वर्षांपासून घोळत होते आणि त्यावर व्याख्यानेही झाली होती. ते ग्रंथरूपाने मांडायचे ठरले. शाई मिळणार नव्हती, पेन्सिल मिळाली. सुटे कागद मिळणार नव्हते. पाने मोजून, आकडे घालून बांधलेल्या वह्या मिळाल्या, म्हणजे एखादे पान फाडून बाहेर जाऊ नये. त्या वह्यांत ‘गीतारहस्या’चा खर्डा सुरू झाला तो २ नोव्हेंबर १९१० रोजी. शके १८३२ ची कार्तिक शुद्ध प्रतिपदा.

दिवाळीचा पाडवा. मराठी घरात या दिवशी पहाटे अभ्यंग होते, पत्नी पतीला ओवाळते, व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा मुहूर्त. गायकवाड वाड्यात सत्यभामाबाईंना ओवाळायला पती नव्हता, आणि मंडालेत टिळकांपुढे नवी वही तेवढी होती. मुहूर्त त्यांनी मुद्दाम धरला की योगायोगाने जुळला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रंथाच्या प्रस्तावनेत मात्र लेखनाचा काळ त्यांनी तिथींतच नोंदवला, इंग्रजी तारखांत नाही.

लेखन चालले पाच महिने. एकशे एकोणपन्नास दिवसांत पंधरा प्रकरणांचा ग्रंथ उभा राहिला. उपनिषदे, सांख्य, शंकराचार्य, ज्ञानेश्वर यांच्याबरोबर कांट, मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन यांची मते पारखून घेणारा हा ग्रंथ पेन्सिलीने, मंडालेच्या हिवाळ्यात लिहिला गेला. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, होळी गेली. खर्डा संपला ३० मार्च १९११ रोजी, फाल्गुन वद्य अमावास्येला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. म्हणजे एका पाडव्याला हाती घेतलेले काम दुसऱ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी पुरे झाले. त्या पाडव्याला पुण्यात दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. टिळकांच्या शिक्षेची अजून तीन वर्षांहून अधिक मुदत बाकी होती.

ती कमी होऊ शकली असती. राजकारणातून बाजूला होण्याची अट मान्य केली तर सुटकेसाठी प्रयत्न करता येईल, असे काही हितचिंतकांना वाटत होते आणि तसे ते टिळकांपर्यंत पोचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. बाहेर येऊन मुक्याने जगण्यापेक्षा मुदत पुरी करणे त्यांना पत्करले. हा नकार देताना घरी काय चालले आहे हे त्यांना पत्रांतून ठाऊक होते. सत्यभामाबाईंची प्रकृती ढासळत होती. त्यांनाही मधुमेह होता. थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगने गेला होता. रामभाऊ आणि श्रीधर ही दोन मुले अजून शिकत होती. टिळकांच्या चरित्रात त्यांच्या धैर्याचे पोवाडे पुष्कळ आहेत. त्या धैर्याची किंमत घरातल्या बाईने किती भरली, याबद्दल चरित्रकार मानाने थोडक्यात आटोपतात. चार भिंतींबाहेर कधी न आलेल्या या बाईने चाळीस वर्षांच्या संसारात पतीचे तीन तुरुंगवास पाहिले: १८८२ मध्ये डोंगरीचे १०१ दिवस, १८९७-९८ चे वर्षभर आणि हे शेवटचे, ज्याचा शेवट त्यांनी पाहिला नाही.

७ जून १९१२ रोजी पुण्यात सत्यभामाबाईंचे निधन झाले. १९०८ नंतर पतिपत्नींची भेट झालीच नव्हती. मंडालेला तार गेली. त्यानंतर विद्वांसांना लिहिलेल्या पत्रात टिळकांनी इतकेच मान्य केले, की संकटे शांतपणे घ्यायची सवय असूनही या बातमीने आपण हादरलो. दूर असल्याचे दुःख त्यांना अधिक होते आणि काळजी होती ती मुलांची. त्यांच्या अभ्यासात खंड पडू नये, अशी सूचना होती. त्या वर्षीच्या भाद्रपदात वाड्यातल्या मुलांना आई नव्हती आणि वडील हजारो मैल दूर होते. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात वर्षभर सण गोड होत नाही, हा आपला रिवाज. गायकवाड वाड्यातला उत्सव मात्र एका घराचा राहिलेला नव्हता. नरसिंह चिंतामण केळकर आणि सहकाऱ्यांनी ‘केसरी’ चालवला, तसा गणपतीही चालू राहिला. प्रवर्तक गैरहजर असताना उत्सव सहा वर्षे टिकला. सार्वजनिक या शब्दाचा याहून चांगला पुरावा टिळकांनाही शोधून सापडला नसता.

८ जून १९१४ रोजी त्यांना मंडालेतून हलवण्यात आले. कुठे नेत आहेत हे सांगितले नव्हते. रंगूनहून बोटीने मद्रास, तिथून आगगाडी, आणि १६ जूनच्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना गायकवाड वाड्याच्या दाराशी आणून सोडले. स्वागत होऊ नये म्हणूनच ही वेळ निवडली होती. सकाळ होताच पुणे वाड्याकडे लोटले. ‘गीतारहस्या’च्या वह्या सरकारने आधी ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही, याची चिंता मित्रांना लागली. टिळकांना नव्हती, कारण ग्रंथ त्यांच्या डोक्यात होता आणि पुन्हा लिहून काढण्याची त्यांची तयारी होती. वह्या परत आल्या. जून १९१५ मध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला.

सुटकेनंतरची गणेश चतुर्थी ऑगस्ट १९१४ च्या शेवटच्या आठवड्यात आली. युरोपात महायुद्ध पेटून तीन आठवडे झाले होते. सहा वर्षांनी टिळक आपल्या वाड्यातल्या गणपतीपुढे उभे होते आणि बाहेर सरकारी पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवून होते. याच उत्सवाच्या दिवसांत त्यांनी युद्धात साम्राज्याला साहाय्य करण्याचे जाहीर निवेदन काढले. अनेकांना ते धक्कादायक वाटले. टिळकांच्या बेरीज-वजाबाकीत ते बसत होते. दोन वर्षांत होमरूल लीग उभी राहिली.

घरापासून दूर सण घालवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आणखी एकदा आला, या वेळी स्वखुशीने. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यासाठी सप्टेंबर १९१८ मध्ये ते विलायतेला निघाले आणि ऑक्टोबरअखेरीस लंडनला पोचले. चारच दिवसांत दिवाळी होती. आठवडाभराने युद्ध थांबले आणि लंडनच्या रस्त्यांवर वेगळीच दिवाळी झाली. दावा फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक हरले. खर्चाचा डोंगर अंगावर आला, जो पुढे लोकांनी वर्गणीतून उचलला. तरीही मजूर पक्षाशी संबंध जोडत, सभा घेत ते तिथेच राहिले. १९१९ चा गणेशोत्सव आणि पाठोपाठ दुसरी दिवाळीही लंडनमध्येच गेली. नोव्हेंबरअखेरीस ते मुंबईला उतरले. त्यांच्या आयुष्यात पुढचा गणेशोत्सव आला नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात, जिथून त्यांना १९०८ मध्ये अटक झाली होती त्याच इमारतीत, त्यांनी देह ठेवला. चतुर्थीला दीड महिना उरला होता.

ज्या मार्गाने त्यांची खास गाडी गेली होती त्या पालघरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांचा स्तंभ आज गावच्या भर चौकात आहे.

मंडालेच्या तुरुंगातही सणाचा विषय टिळकांबरोबर संपला नाही. १९२५ च्या प्रारंभी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे बंगाली सहकारी याच तुरुंगात आणले गेले. टिळकांनी जिथे वर्षे काढली ती लाकडी दांड्यांची इमारत बोस यांनी पाहिली, आणि अशा जागी, अशा प्रकृतीत एवढा ग्रंथ कसा लिहिला गेला याचे आश्चर्य त्यांनी केळकरांना पत्राने कळवले. टिळक एकटे होते. हे कैदी अनेक होते. त्या वर्षीच्या शरदात त्यांनी तुरुंगातच दुर्गापूजा केली आणि तिचा खर्च सरकारने द्यावा अशी मागणी केली. सरकारने तो नाकारला. फेब्रुवारी १९२६ मध्ये बोस आणि त्यांच्या सोबत्यांनी अन्नत्याग केला. सुमारे पंधरा दिवसांनी कैद्यांच्या धार्मिक सणांसाठी रक्कम मंजूर झाली.